वहिनी, खांब नंबर चौदाचं काय झालं?



पेण आणि रोह्याच्या शहरातल्या, गावातल्या, वाडीवरच्या सगळ्या ताया, वहिन्या, मावश्यांना नमस्कार. स्वयंपाक करता करता ऐकत असाल तर गॅस जरा बारीक करा, कारण मधेच काही आकडे सांगणार आहे. मी बचत गटांची समन्वयक. एरवी मी तुमच्याशी हप्ते, वहीखातं आणि पापडाच्या ऑर्डरी याबद्दल बोलते. आज मात्र नगरसेविकेबद्दल बोलणार आहे. कुठल्याही पक्षाचं नाव घेणार नाही, त्यामुळे घरातल्या पुरुष मंडळींनी कान टवकारायचं कारण नाही.

२ डिसेंबर २०२५ ला पेण आणि रोहा-अष्टमी नगरपरिषदेसाठी मतदान झालं आणि २१ डिसेंबरला मतमोजणी झाली. त्याआधीची निवडणूक २०१६ सालची. म्हणजे मधली जवळजवळ चार वर्षं नगरपरिषदेत प्रशासक होते, लोकांनी निवडून दिलेलं कुणी नव्हतं. गटारावरची लादी फुटली तर कुणाच्या दारात जायचं हाच प्रश्न होता. आता दार आहे. त्या दारात जाऊन काय विचारायचं, एवढाच आजचा विषय.

खेड्यातल्या बायका म्हणतील, आमचं मत ग्रामपंचायतीला, आम्हाला त्या नगरसेविकेचं काय? पण बघा, भाजी घेऊन पेणच्या बाजारात कोण येतं? गणपतीच्या कारखान्यात हंगामात रात्री उशिरापर्यंत रंगकाम कोण करतं? धाटावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला कोण जातं? तुमची मुलगी कॉलेजला जाते ती शहरातच ना? शहराचा रस्ता अंधारा असेल तर तो तुमच्याही मुलीला अंधारा आहे. आणि मी नगरसेविकेबद्दल जे सांगेन ते ग्रामपंचायत सदस्याला जसंच्या तसं लागू आहे. एक खुलासा करते. उमेदच्या बायकांना ‘प्रभाग’ म्हटलं की आपला प्रभागसंघ आठवतो. मी आज प्रभाग म्हणते तो वॉर्ड.

तर निकालानंतर काही आठवड्यांनी एका वस्तीस्तर संघाच्या बैठकीला त्या प्रभागाच्या नगरसेविका आल्या. पेणची की रोह्याची ते ओळखत बसू नका. प्रभागात काय चाललंय हे त्या स्वतःहून सांगायला आल्या, ही गोष्ट मला फार आवडली. निवडून आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत असं कोण येतं? त्या वीसेक मिनिटं बोलल्या. कॅमेरे बसणार आहेत, दिवाबत्तीचं काम मंजूर होणार आहे, पोलिसांना गस्त वाढवायला सांगणार आहोत, बागेत व्यायामाची साधनं येणार आहेत, महिलांची आरोग्य तपासणी ठेवणार आहोत. टाळ्या झाल्या, चहा आला.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मावशी उठली. ती खानावळीत पोळ्या लाटायला जाते आणि रात्री साडेनऊला घरी येते. कप हातात धरूनच म्हणाली, “वहिनी, होणार आहे, होणार आहे म्हणालात. झालंय काय ते पण सांगा. शाळेच्या मागचा दिवा दिवाळीपासून बंद आहे.”

उत्तर दिलं ते नगरसेविकेच्या यजमानांनी. “बघून घेतो मावशी.”

मावशी म्हणाली, “तुम्हाला नाही विचारलं भावोजी. मत मी वहिनींना दिलंय.”

सगळ्या हसल्या. नगरसेविका हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून डायरी काढली आणि विचारलं, “खांबाचा नंबर काय?”

आता मात्र आमच्या बाजूला शांतता. नंबर कुणालाच माहीत नव्हता. रोज त्या खांबाखालून जाणाऱ्या तीस-चाळीस बायका, पण खांबावर नंबर असतो याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नव्हतं. मला त्या प्रश्नात काही उद्धटपणा दिसला नाही. उलट तोच त्या बैठकीतला सगळ्यात कामाचा प्रश्न होता. ‘आमच्याकडे अंधार आहे’ ही तक्रार कुणाच्याच टेबलावर उतरत नाही. ‘खांब नंबर चौदा, शाळेच्या मागे, दिवाळीपासून बंद’ ही उतरते. आणि एकदा उतरली की पुढच्या महिन्यात विचारता येतं, चौदाचं काय झालं?

दुसऱ्या संध्याकाळी सहा बायका मोबाइलची बॅटरी लावून निघाल्या. अकरा खांब बंद निघाले. यादी झाली, नगरपरिषदेत दिली, पोच घेतली. पंधरा दिवसांत त्यातले सात लागले. आणि गंमत बघा, चौदा नंबर काही लागला नाही! त्याचा दिवा ठीक होता, वीजच येत नव्हती. हे माहीत असलेलं बरं: दिवा, म्हणजे बल्ब किंवा एलईडीचा दिवा, बदलणं नगरपरिषदेचं किंवा ग्रामपंचायतीचं काम. तार आणि डीपी हे महावितरणचं काम. त्यांचा तक्रारीचा नंबर १९१२. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि आपण मधे हेलपाटे घालतो. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा, हे काम तुमचं की महावितरणचं, आणि जे उत्तर मिळेल ते तारखेसकट लिहून ठेवा.

तुम्ही म्हणाल, ही ताई आज दिव्यांचंच काय घेऊन बसली आहे. सांगते.

२०२० च्या जुलै महिन्यात रोहा तालुक्यात एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिला मारून टाकलं. त्याच वर्षाच्या अगदी शेवटी पेणमध्ये एका तीन वर्षांच्या आदिवासी मुलीचं तेच झालं. त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातली एकही आई नीट झोपली नसेल. मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळानं शक्ती विधेयक मंजूर केलं, तो कायदा काही अमलात आला नाही. एखाद्या दिव्यानं त्या मुली वाचल्या असत्या असं मी मुळीच म्हणत नाही. तसं म्हणणं त्या आयांचा अपमान होईल. मी एवढंच म्हणते की मोठी घटना घडली की आपण सगळ्या रस्त्यावर येतो आणि महिन्याभरानं घरी जातो. मधल्या काळात वाडीवरचा रस्ता, संडासाची कडी, बंद पडलेली इमारत आणि तिथं रात्री बसणारी टोळकी, यांची चौकशी कुणी करत नाही. ती रोजची चौकशी नगरसेविकेनं आणि सदस्येनं करायची, आणि ती होते की नाही हे आपण बघायचं.

त्यासाठी त्या सहा बायकांनी जे केलं तेच करायचं, फक्त दिव्यांच्या पुढं जायचं. हे काही मी शोधून काढलेलं नाही. कॅनडातल्या टोरोंटो शहरात मेट्रॅक नावाच्या संस्थेनं १९८९ मध्ये बायकांना घेऊन अशी पायी पाहणी सुरू केली. दिल्लीत जागोरी संस्थेनं तीच पद्धत आपल्याकडे वापरली. कल्पना अगदी साधी आहे. ज्या रस्त्यानं बाई जाते, त्या रस्त्याबद्दल जास्त माहिती तिलाच असते, इंजिनिअरला नाही.

पाहणीची वेळ महत्त्वाची. सकाळी दहाला फिरून उपयोग नाही, तेव्हा सगळंच छान दिसतं. कारखाना सुटतो तेव्हा, रोह्याची शेवटची गाडी येते तेव्हा, पहाटे पाण्याला जाता तेव्हा फिरा. बरोबर एक म्हातारी हवी, एक कॉलेजची मुलगी हवी, आणि जमलं तर कडेवर पोर असलेली एक हवी. तिघींना वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. आजीला उघडं गटार आणि मोकाट कुत्री दिसतात. मुलीला पानटपरी दिसते, पण ती ते बोलत नाही. तिला नंतर एकटीला विचारा. पोरवालीला दिसतं की मिनीडोर थांबतो तिथं बाजूला उभं राहायला जागाच नाही, गाड्या अंगावरून जातात.

आणि एक करून बघा. निम्म्या बायकांनी वस्तीत थांबायचं आणि एकीनं त्या अंधाऱ्या जागी जाऊन मोठ्यानं हाक मारायची. ऐकू आली का? एका ठिकाणी आम्ही हे केलं. शंभरेक पावलांवरून मारलेली हाक वस्तीत कुणाला ऐकू आली नाही, कारण मधे एक चाळवजा इमारत होती. तोवर सगळ्यांना वाटायचं, ‘जवळच तर आहे’.

पहिल्या दिवशी पुरुष हसतात, हे आधीच सांगून ठेवते. ‘बाया गस्तीला निघाल्या’ म्हणतात. हसू द्या. पण कोपऱ्यावर बसणाऱ्या पोरांचा विषय निघाला की आपणही गप्प होतो, कारण ती पोरं परकी नसतात. एकीचा मुलगा, दुसरीचा भाचा. यादीत ‘टवाळ पोरं बसतात’ असं लिहिलं की ते आपल्याच घरात येऊन धडकतं. तरी लिहा. नाव लिहू नका, जागा आणि वेळ लिहा, आणि ज्या घरची पोरं त्या घरच्या बाईनं त्या रात्री घरी विषय काढावा. हे काम नगरसेविकेचं नाही आणि पोलिसांचंही नाही.

दिवा लावून घरातली भीती जात नाही, हेही इथंच बोलून टाकते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो. कॅमेरे चौकात बसतात, माजघरात नाही. घरातल्या मारहाणीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतात. माहिती आणि मदत हवी असेल तर महिला हेल्पलाइन १८१, लहान मुलांसाठी १०९८. फोनवरून पैशाची फसवणूक झाली तर १९३०, आणि तो फोन लगेच करा, उद्यावर टाकू नका. परत सांगते: एकशे एक्क्याऐंशी, दहा अठ्ठ्याण्णव, एकोणीस तीस.

आता ११२. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, तातडीच्या सगळ्या मदतीसाठी हा एकच नंबर. याच्याबद्दल एक गोष्ट बायकांना सांगावीच लागते. तुम्ही ११२ लावला की फोन तुमच्या पोलीस ठाण्यात वाजत नाही. तो राज्याच्या केंद्रात जातो आणि तिथून आपल्या जिल्ह्यातल्या गाडीला निरोप येतो. फोन उचलणाऱ्या मुलीला आपली वाडी माहीत नसते. तुम्ही घाबरून म्हणालात, ‘पिंपळाजवळ या’, तर ती कुठल्या पिंपळाजवळ गाडी पाठवणार? आपल्या पेण तालुक्यात दादर गाव आहे. तिथली बाई ‘दादरहून बोलते’ म्हणाली तर समोरच्या माणसाला मुंबईचंच दादर आठवणार! म्हणून क्रम पाठ करा. आधी जिल्हा रायगड, मग तालुका, मग पोलीस ठाणं, मग गाव, आणि शेवटी खूण. पोलीस ठाणं म्हणजे पेण, वडखळ, दादर सागरी, रोहा, कोलाड की नागोठणे, जे आपलं असेल ते. हे चार-पाच शब्द जाड अक्षरांत लिहून फोन ठेवता त्या भिंतीवर चिकटवा. गटाच्या बैठकीत एकदा एकमेकींकडून पाठ म्हणवून घ्या. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून पाठ असलेलंच बाहेर येतं.

पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हटलं की मात्र आपले पाय जड होतात. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात हे आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, पण त्याच खात्यातल्या साहेबांशी दोन वाक्यं बोलायला आपल्याला कुणीतरी दादा बरोबर लागतो. तीन गोष्टी माहीत असल्या तर दादा लागत नाही. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात तक्रार घेतली जाते, तिला झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते. आणि साक्षीदार म्हणून बाईचा जबाब तिच्या घरी येऊन घ्यावा लागतो, तिला ठाण्यात या असा आग्रह धरता येत नाही. नगरसेविकेचा उपयोग इथंही आहे. गटाच्या बायका आणि ठाण्याच्या साहेबांची एक बैठक त्यांनी वस्तीत लावून द्यावी. कुणावर वेळ आलेली नसताना झालेली ओळख वेळ आल्यावर उपयोगी पडते.

कामाच्या जागेबद्दल थोडक्यात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं मालकानं महिलांच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती नेमायची, असा २०१३ चा कायदा आहे. त्याहून लहान कारखाना, दुकान, किंवा कुणाच्या घरची धुणीभांडी, यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. गणपतीच्या मोसमात चार-पाच बायका मिळून एखाद्या शेडमध्ये काम करतात, त्यांना ही समिती आहे हेच माहीत नसतं. ठेकेदारामार्फत कंपनीत जाणाऱ्या बायकांनाही हा कायदा लागू आहे, ठेकेदार काहीही म्हणो.

रोह्याकडच्या बायकांसाठी अजून एक. आपल्याकडे सुरक्षितता म्हणजे फक्त चोर आणि टवाळ पोरं नाहीत. नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात १९९० च्या नोव्हेंबरात वायूचा स्फोट होऊन कितीतरी कामगार गेले. वयस्कर मंडळींना तो दिवस आठवतो. धाटावच्या आजूबाजूच्या गावांत भोंगा वाजला तर तो पाळी बदलल्याचा की धोक्याचा, हे किती बायकांना ओळखता येतं? विचारून बघा. १९९६ च्या नियमांप्रमाणे अशा औद्योगिक भागासाठी एक स्थानिक आपत्कालीन गट असायला हवा आणि त्यात अधिकारी आणि कारखानदार यांच्याबरोबर गावचे लोकही हवेत. आपल्या सदस्येला विचारा, त्या गटात आपल्याकडचं कोण आहे? बाई आहे का? दुपारी वायू सुटला तर गावात कोण असतं? आपणच असतो, म्हातारी माणसं आणि अंगणवाडीतली पोरं. तोंडावर ओलं फडकं धरायचं, वारा जिकडे वाहतो तिकडे पळायचं नाही, वाऱ्याला आडवं जाऊन त्याच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं. आणि कुठं जमायचं ती जागा आधी ठरलेली हवी.

हे सगळं करायला पैसे कुठून येणार, असं कुणीतरी बैठकीत म्हणतंच. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. नगरपरिषदेतही पाच टक्के त्यासाठी राखायचे आणि महिला व बालकल्याण समिती नेमायची असते. हा खर्च कशावर झाला ते विचारा. शिलाई मशीन वाटली, मेळावा घेतला, साड्या दिल्या, अशी उत्तरं येतील. मशीन वाईट नाही. पण गावात आधीच धूळ खात पडलेली आठ मशीन असताना नववं कशाला? सार्वजनिक संडासाला आतून कडी आणि दिवा, हेसुद्धा महिला कल्याणच आहे. उत्तर मिळालंच नाही तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. पण आधी तोंडी विचारा, मग लेखी, मग अर्ज. पहिल्याच दिवशी माहिती अधिकार काढला की समोरची वहिनी कायमची दुरावते, आणि आपल्याला तिच्याकडून पाच वर्षं कामं करून घ्यायची आहेत.

वहिनी म्हणण्यातच एक अडचण आहे. गावात सगळे नात्यातले. सरपंच नणंदेच्या जाऊबाई, नगरसेविका मैत्रिणीच्या भावजय. प्रश्न विचारला की नातं बिघडेल असं वाटतं. शिवाय गटाच्या कर्जाच्या कागदावर सही लागते, घराच्या दाखल्यावर सही लागते. त्यामुळे सगळ्या ‘छान चाललंय’ म्हणून मोकळ्या होतात. म्हणून मी सांगते, एकीनं विचारू नका. प्रश्न गटाच्या ठरावात लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि गटाच्या नावानं द्या. मग तो अमकीच्या सुनेचा प्रश्न राहत नाही. आणि यजमानच उत्तर द्यायला लागले तर मावशीसारखं हसत हसत सांगा, भावोजी, तुम्ही चहा घ्या.

गावच्या बायकांना तर कायद्यानंच जागा दिली आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. ती कागदावर होते आणि सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. १ मे च्या ग्रामसभेआधीची महिला सभा कधी आहे, हे ग्रामसेवकाला आत्ताच विचारा. त्या सभेत यादी वाचा, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि लिहिलंय ते सही करायच्या आधी एकीनं मोठ्यानं वाचून दाखवा. रजिस्टर घरी आलं तर सही करू नका, सभा कुठं आहे ते विचारा.

तुमच्या गटाची पाहणी झाली की यादी आपल्या रेडिओ केंद्रावर आणून द्या किंवा ग्रामसंघाच्या बैठकीत माझ्याकडे द्या. खांबाचा नंबर, जागा, वेळ, कोणाला सांगितलं आणि कोणत्या तारखेला, एवढं लिहा. बायकांची नावं लिहू नका, गटाचं नाव पुरे. पुढच्या महिन्यात त्यातल्या काही याद्या मी इथून वाचून दाखवणार आहे, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात त्यातलं काय झालं तेही वाचणार आहे. नगरसेविका आणि सदस्यांनाही हा कार्यक्रम ऐकायला सांगा. त्यांचं उत्तर आलं तर तेही वाचू, पूर्ण वाचू.

नमस्कार.